खड्डे तेच, रोपं नवी

अध्यक्षताई आणि या उकाड्यातही आलेल्या इंदूरकर मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘पर्यटनातला कार्बन ऑफसेट : भरपाई खरंच होते का?’ ऑफसेट म्हणजे आपल्या प्रवासाच्या धुराची भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावायला वगैरे पैसे देणं. त्याच्याकडे मी येतोच, पण आधी एका खड्ड्याची गोष्ट.

आम्ही दोघं लेहला जाऊन आलो. इंदूर–दिल्ली–लेह, विमानानं. यात्रा कंपनीनं बिलात माणशी 300 रुपये ‘हरित शुल्क’ लावलं. त्याबदल्यात प्रत्येकाच्या नावानं एक रोप, त्याचा क्रमांक, आणि प्रवास कार्बनमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र. हिनं ते फ्रेम करून बैठकीत लावलं. हिला झाडांचं वेड, गच्चीत पाय ठेवायला जागा नाही. मग हट्ट धरला, आपली झाडं बघून येऊ. (मागच्या रांगेतल्या वहिनी हसताहेत, त्यांच्याकडेही हेच असणार.)

चैत्रात गेलो. खंडवा रोडला, सिमरोळच्या पुढे एक उतार. लोखंडी पट्टीवर आमचा क्रमांक सापडला. खाली खड्डा, खड्ड्यात वाळलेली काडी. शेजारी एक बाई शेळ्या चारत होती. तिला विचारलं तर म्हणाली, “गड्ढे तो वही हैं बाबूजी, पौधे हर बरसात में नए आते हैं।” म्हणजे आमच्या आधीही त्याच खड्ड्यावर कुणाचा तरी प्रवास स्वच्छ झाला होता. हिनं बाटलीतलं सगळं पाणी त्या काडीला घातलं. घरी आल्यावर फ्रेम उतरवली. भिंतीवर खिळा अजून आहे.

झाडं लावण्याला माझा विरोध नाही हो. 14 जुलै 2024 ला आपल्या इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात 11 लाखांवर रोपं लागली, त्यात दोन माझ्या हातची आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती मी कुठल्या विमानाच्या धुराच्या बदल्यात लावली नाहीत.

कारण हा व्यवहारच जुळत नाही. सराफ्यातल्या कुठल्याही पेढीवर विचारा, रोख आणि उधार एक धरतात का? धूर रोख आहे. विमान उडालं की तो हवेत गेला, आणि त्यातला काही कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहणार. झाड ती रक्कम तीस-चाळीस वर्षांत फेडणार, तेही वणवा, शेळी आणि कुऱ्हाड यांतून वाचलं तर. शिवाय विमानाची उष्णता एकट्या कार्बन डायऑक्साइडची नसते. मागे उमटणारे ढगांचे पट्टे, नायट्रोजनची ऑक्साइडं धरली तर कार्बन डायऑक्साइडचा वाटा साधारण एक तृतीयांशच उरतो. पावती बहुधा तेवढ्याचीच फाडतात.

ताईंनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं? बरं, मग भराभर सांगतो.

जगाच्या हरितगृह वायूंपैकी साधारण 8 टक्के पर्यटनाचे. क्योटो हवामान करारातल्या अशाच भरपाईच्या प्रकल्पांची युरोपीय आयोगासाठी 2016 मध्ये तपासणी झाली. 85 टक्के प्रकल्प असे निघाले, की त्यांनी खरोखर जादा कपात केली असण्याची शक्यता कमी. मुख्य प्रश्न हाच, आपले पैसे आले नसते तर ते काम झालंच नसतं का? 2023 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात जंगल वाचवण्याच्या 18 प्रकल्पांचा अभ्यास आला, त्यात 6 टक्क्यांच्या आसपासच क्रेडिट, म्हणजे विकलेली कार्बन-कपातीची प्रमाणपत्रं, खरी ठरली. ईझीजेट या विमान कंपनीनं 2022 मध्ये हा ऑफसेटचा मार्ग सोडायचं जाहीर केलं. 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयानं केएलएम या विमान कंपनीच्या हरित जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. विमानांच्या धुराच्या भरपाईची जागतिक योजना कोर्सिया, तिच्यात भारत 2027 पासून येतोय, पण ती फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना आणि ठरलेल्या पातळीच्या वरच्या धुराला लागू. इंदूर–दिल्ली तिच्या हिशेबातच नाही.

मग करायचं काय? धूर निघतो तिथेच कमी करायचा. आपल्या शहरानं ते करून दाखवलंय. रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढणारा कारखाना 2022 पासून आहे, त्यावर सिटी बस धावतात. शहराच्या पाण्यासाठी जलूदहून नर्मदा उपसायला लागणाऱ्या विजेसाठी 2023 मध्ये हरित रोखे काढून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्ज घेऊन, सौर प्रकल्प हाती घेतला. प्रवासालाही हेच लावा. वर्षात चार धावत्या सहलींऐवजी एकच, पण मुक्काम लांब. मांडू, महेश्वर बसनं. चांगल्या प्रकल्पाला पैसे जरूर द्या, पण दान म्हणून, विमानाच्या तिकिटाला जोडून नको.

आणि मुंबईला जायचं तर अवंतिका एक्सप्रेस आहेच. संध्याकाळी इंदूरहून निघते, सकाळी मुंबईत. दिवाळीत लेकीकडे आम्ही तिनंच जाणार आहोत.