चार फूट खाली

(ड्रोन, भल्या सकाळी. कृष्णाकाठ, शिरोळ तालुका. दोन्ही बाजूंना ऊस, मधोमध पांढरा पट्टा.)

वरून पाहिलं तर कुणीतरी चुन्याची पोती फोडून टाकलीत असं वाटतं. तो चुना नाही, मीठ आहे. इकडे म्हणतात, रानाला मीठ फुटलंय. सात-बाऱ्यावर हे रान बागायतच. उगवतं काय, तर लव्हाळा, पाणकणीस आणि कडेनं वेडी बाभूळ.

(अनवाणी पाय. टाच पांढऱ्या पापुद्र्यावर पडते, खालून काळा चिखल वर येतो.)

हा मे महिना आहे. पाऊस सात-आठ महिन्यांमागे थांबला. तरी टाच टेकली की खालून पाणी वर येतं. ही जमीन वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर, कधी येतच नाही. बी टाकलं तर कुजतं, उगवलंच तर कोंब पिवळा पडून करपतो. मुळाला हवा लागते, तिच्या जागी इथं पाणी भरलंय, आणि तेही खारं.

(उसात मोकाट सोडलेलं पाणी. पाट भरून वाहतोय. रात्रीचं दृश्य, बॅटरीचा उजेड.)

आता गंमत बघा. कृष्णेचं पाणी गोड आहे. मग मीठ आलं कुठून?

गोड पाण्यातही क्षार असतात, जिभेला कळत नाहीत इतकंच. लिटरमागे फक्त 200 मिलिग्रॅम धरा. एका एकरावर एक इंच पाणी दिलं म्हणजे लाखभर लिटर झालं, त्यातून 20 किलो क्षार रानात आले. उसाला पीकभरात अशी 80 इंच पाजली की दीड टनाच्या वर गेले. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं, क्षार तिथंच राहतात. दरवर्षी.

तेवढ्यानंही एवढं बिघडलं नसतं. पावसाचं पाणी क्षार धुऊन खाली नेतं, हा निसर्गाचा जुना हिशेब आहे. पण आपली काळी माती म्हणजे चिकणमाती. भिजली की फुगते, फुगली की पाण्याची वाट बंद. गावोगावी पाणीपुरवठा संस्था झाल्या, नदीचं पाणी मोटारींनी रानात चढलं. लाईट रात्रीची, म्हणून मोटार चालू करून माणूस घरी झोपायला मोकळा. पाजणं वाढत गेलं, निचरा होता तिथंच राहिला. जमिनीखालचं पाणी वर वर येत दोन-तीन फुटांवर आलं. तिथून पुढं ते आपणच चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. वर आलं की उडून जातं आणि मीठ मागं ठेवतं.

पडद्यावर दिसतंय ते हेच मीठ.

(नीरा डावा कालवा, बारामतीकडचा भाग. जुनी दगडी कामं.)

हे दुखणं आजचं नाही. कृष्णेच्या उत्तरेला नीरेचं खोरं आहे. तिथं डावा कालवा 1885 च्या सुमाराला आला आणि पाठोपाठ खारवट जमिनीही आल्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी 1910 मध्ये त्या जमिनींचा अभ्यास मांडला होता. म्हणजे रोगाचं निदान शंभर वर्षांहून जुनं आहे. कालवे काढताना पाणी आणायची वाट आखली गेली, न्यायची वाट कुणी फारशी आखली नाही. आमच्या मते सगळी गोष्ट या एका वाक्यात येते, पण चित्रण बरंच आहे, तेव्हा पुढं जाऊ.

(जुना उघडा चर. आत गवत, प्लॅस्टिक, साचलेलं पाणी. एक म्हातारे अण्णा काठावर उभे.)

मागच्या पिढीनं हात-पाय हलवले नाहीत असं नाही. हा त्यांचा चर. खोदला तेव्हा पाणी चांगलं काढायचा. पण उघडा चर जागा खातो, दरवर्षी गाळ काढावा लागतो, बैलगाडी-ट्रॅक्टरला आडवा येतो. काठाची माती ढासळत गेली, वरच्यानं गाळ काढला नाही, खालच्यानं चरच बुजवला.

(इथे अण्णांचं बोलणं जसंच्या तसं. निवेदन नाही.)

(शेतात आगर, म्हणजे मातीत भोक पाडायचं गिरमिट, फिरतोय. भोकातून काळी माती. टेप खाली सोडतात.)

आता कामाला लागू. उघड्या चराऐवजी जमिनीखाली भोकांचे पाइप पुरायचे आणि हे खारं पाणी त्यातून बाहेर काढायचं. पहिलं काम खोदायचं नाही, बघायचं. आगरानं भोक पाडून रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी किती खाली स्थिरावलं ते टेपवर दिसतंय. मातीचे नमुने थराथरानं पिशवीत भरले, कारण वरची वीतभर आणि खालचे तीन फूट यांची जात वेगळी असू शकते.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी पाहतात. माती नुसती क्षारयुक्त आहे, की चोपण आहे? क्षारयुक्त मातीत विरघळणारे क्षार जास्त असतात, विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जाते. ही बिचारी बरी म्हणायची. पाण्याला वाट दिली की क्षार धुऊन जातात. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणालाच चिकटलेला असतो, सामू म्हणजे पीएच साडेआठच्या पुढं. पाऊस पडला की वर गढूळ पाणी साचून राहतं आणि वाळली की दगड. तिला आधी जिप्सम द्यावं लागतं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवतो, मग पाणी खाली उतरतं. जिप्समविना चोपण रानात पाइप टाकला तर पाणी वर आणि पाइप खाली कोरडा, असंही होतं. काळ्या जमिनीतल्या निचऱ्याचं बरंच काम सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात झालं आहे. इथून कारनं थोडंच अंतर.

(दुर्बीण तिकाटण्यावर. लांब एक पोरगा पट्टी धरून उभा. खुंट्या, चुन्याच्या रेघा.)

हा पोरगा दिवसभर उन्हात पट्टी धरून उभा होता. कंटाळवाणं दिसतं, पण सगळ्या कामाचा जीव इथं आहे. पाणी पाइपातून जाणार ते उतारानं. मोटार नाही, पंखा नाही, काही नाही. शंभर मीटरला वीस सेंटीमीटर उतार मिळाला तरी चालतं. डोळ्याला हा उतार दिसतच नाही, दुर्बिणीला दिसतो. मध्ये कुठं पाइपाला पोट पडलं तर तिथं गाळ बसणार आणि चार फूट खाली बसलेला गाळ कुणाला दिसणार?

आणि सगळ्यात आधी ठरवायचं ते शेवटचं टोक. पाणी कुठल्या ओढ्याला काढायचं, त्याचा तळ पाइपापेक्षा खोल आहे का? नसेल तर आधी ओढा खोल करा. ते काम सहा महिनेही खातं.

(पोकलेन. बकेट जमिनीत उतरते. चर सरळ रेषेत लांबत जातो.)

खुदाई खालून वर. आधी ओढ्याकडचं तोंड, मग वरचं रान. म्हणजे खोदतानाच चरात आलेलं पाणी पुढं निघून जातं, कामगार कोरड्यात उभे राहतात. उलट केलं तर दुपारपर्यंत चराचं डबकं होतं.

खोली साडेतीन ते चार फूट. ही खोली मनाला आली म्हणून नाही. पाण्याची पातळी एवढी खाली ठेवली की वातीसारखं वर चढणारं पाणी मुळांच्या थराला फारसं गाठत नाही.

(पिवळ्या पाइपांची भेंडोळी. हात जवळून: खाचा, बारीक भोकं, वर पांढरं कापड.)

हा पाइप. तीन इंचांच्या आसपास जाड, 80 मिलिमीटरचा, अंगाला वळ्या. वळ्यांमुळं वरच्या मातीचा भार सोसतो, तरी भेंडोळ्यात वळतो. वळ्यांच्या खाचेत भोकं आहेत, पाणी तिथून आत शिरतं. वरचं कापड म्हणजे फिल्टर. पाणी येऊ देतं, माती अडवतं. हे कापड फाटलं तर पाइप दोन पावसाळ्यांत भरला समजा, म्हणून चरात उतरवताना बायाबापड्या बाळाला धरावं तसा धरतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हेच काम भाजलेल्या मातीच्या नळ्या जोडून करत. तत्त्व तेच. नळी प्लॅस्टिकची झाली एवढंच.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. पाइप पाणी ओढत नाही. भोवतीची माती पाण्यानं भरली, पातळी पाइपाच्या वर चढली, की पाणी आपल्या वजनानं आत पडतं. पातळी पाइपाखाली गेली की ठिबकणं बंद. म्हणजे पिकाच्या हक्काचा ओलावा पाइप चोरत नाही. गावात ही शंका पहिली येते.

(ड्रोन. समांतर चर, कंगव्याच्या दातांसारखे.)

दोन पाइपांत अंतर साधारण 25 ते 30 मीटर. दोन पाइपांच्या मध्ये पाणी कमानीसारखं उचललेलं राहतं. अंतर फार ठेवलं तर कमानीचा माथा मुळाला टेकतो, कमी ठेवलं तर पैसा पुरत नाही. 25 मीटरच्या हिशेबानं एकराला साधारण 160 मीटर पाइप लागतो. हे सगळे दात मोठ्या पाइपाला मिळतात, तो बिनभोकाचा. जिथं मिळतात तिथं सिमेंटच्या रिंगांचं चेंबर.

(चेंबरमध्ये वाकून पाहणारी माणसं. रिंग उतरवताना दोर, ओरडा.)

चेंबरकडं नीट बघा. बारका पाइप वर सुटतो, मोठा खालून निघतो. त्या दोन तोंडांतली पडती जागा मुद्दाम सोडलेली आहे. मोठ्यातलं पाणी बारक्यात मागं फिरत नाही आणि झाकण काढलं की कुठल्या शेताचं पाणी किती चालू आहे ते डोळ्यानं कळतं. तळाला फूटभर खड्डा ठेवतात, गाळ तिथं बसतो, वर्षातून एकदा बादलीनं काढायचा.

संध्याकाळच्या आत चर बुजवला. काळी माती रात्रीत ढासळते, उद्यावर टाकून चालत नाही.

(बांधावरची बैठक. आठ-दहा शेतकरी, मध्ये नकाशा, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवलेला.)

आता आमच्या मते जे खरं यंत्र आहे ते बघा. पोकलेन भाड्यानं मिळतो. ही बैठक मिळत नाही.

पाणी बांध ओळखत नाही. माझ्या दोन एकरांत पाइप टाकला आणि वरच्या भाऊबंदानं मोकाट पाजलं तर मी त्याचंही पाणी काढत बसणार. शिवाय माझा मोठा पाइप ओढ्यापर्यंत जायचा तर खालच्या चार जणांच्या रानातून जाणार. म्हणून हे काम गटानंच होतं. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं हेच धरलं: शेतकऱ्यांना एकत्र बसवायचं, मुख्य वाहिनी सगळ्यांची मिळून टाकायची, मग ज्यानं त्यानं आपल्या रानातला पाइप जोडायचा. आज लोक त्याला दत्त पॅटर्न म्हणतात.

नकाशावर बोट ठेवून कोण कुणाला काय सांगतंय ते ऐकू येत नाही, वारा फार होता. चेहरे बघा. डावीकडचे दोघं भाऊ, बांधावरून पंधरा वर्षं बोलणं बंद होतं.

(बँकेची पायरी. एक काका कागदांची पिशवी घेऊन.)

खर्च एकरी लाखाच्या घरात जातो. ज्या जमिनीतून काही येत नाही तिच्यावर कर्ज मागायचं, तेही खरं. काही जण मागं राहिले.

(ओढ्याचा काठ. पाइपाचं तोंड. कोरडं. मग एक थेंब. मग धार.)

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सकाळी हे.

(तीस सेकंद निवेदन नाही. पाण्याचा आवाज.)

(वाहकता मोजायचं मीटर, जवळून.)

पहिलं पाणी सगळ्यात खारं असतं. आकडा पडद्यावर आहे. एक जण चव घेऊन थुंकतोय, त्याला मीटरची गरज पडली नाही. हे पाणी ओढ्यातून नदीला जातं. खालच्या गावांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. पावसाळ्यात नदी भरलेली असताना क्षार विरळ होतात, उन्हाळ्यात तोंड बंद ठेवावं असं जाणकार सांगतात.

(जूनचे पहिले ढग. बांध घालून रान चौकोनी केलंय. जिप्सम पसरणारे हात. ढैंच्याचं हिरवं रान.)

पाइप टाकला म्हणजे जमीन सुधारली, असं नाही. पाइप ही मोरी झाली, अंघोळ अजून व्हायची आहे. बांध घालून पावसाचं पाणी रानात उभं करायचं, ते मातीतून मीठ घेऊन खाली उतरतं, पाइपात पडतं, ओढ्याला जातं. पुन्हा उभं करायचं. मध्ये ढैंचा किंवा ताग पेरून गाडायचा, मुळं मातीत भोकं पाडतात आणि चिकणमातीला पोकळी येते. ऊस लगेच लावायचा नाही. आधी गव्हासारखं थोडं मीठ सोसणारं पीक. घाई केलेल्यांची रानंही आम्ही पाहिली, चित्रित केली नाहीत.

2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोळ तालुका पाण्याखाली होता. ओढा तुंबला की पाइपाचं तोंड बुडतं, निचरा थांबतो. पूर ओसरला की चेंबर उघडून गाळ काढायचा, झाकणं शोधायची. त्या दिवसांत कॅमेरा घेऊन आम्हाला पोचता आलं नाही.

(तेच रान, पुढच्या हिवाळ्यात. गहू गुडघ्याएवढा. कडेला अजून दोन पांढरे डाग.)

हे तेच रान. कोपऱ्यातले डाग दिसताहेत, तिथं दुर्बिणीचा आकडा चुकला होता, पाइपाला पोट पडलंय. पुढच्या मे महिन्यात तेवढाच तुकडा उकरायचा असं गटानं ठरवलंय.

(अण्णा चेंबरचं झाकण बाजूला करतात, आत वाकून बघतात. बराच वेळ.)

वरच्या पाइपातून करंगळीएवढी धार चालू आहे. शेजारच्यानं रात्री पाणी पाजलं होतं.