कौलाखालचं वांद्रे

(दृश्य: रानवार, सकाळ. घराच्या बाहेरून माडीवर चढणारा लाकडी जिना.)

वांद्र्याच्या रानवार गावठाणातला हा जिना घराबाहेरून चढतो. खाली एक बिऱ्हाड, वर दुसरं. वरच्याला खालच्यांच्या माजघरातून जावं लागत नाही. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या, घरांना असे जिने सर्रास दिसतात. माडीवर आधी भाऊ राहायचा, मग त्याचा मुलगा, आणि तो परदेशी गेला की भाडेकरू. आज या माडीवर तीन मुली राहतात. एक जाहिरातींचं संकलन करते, दुसरी सिनेमाचा कपडेपट सांभाळते, तिसरी ऑडिशनला निघाली आहे. त्यांची घरमालकीण, सगळ्यांची आंटी, खाली खिडकीत बसून भाजी निवडते आहे.

(दृश्य: चॅपल रोडवरची भित्तिचित्रं. गल्लीच्या तोंडाशी हार घातलेला क्रूस.)

भिंतींवरची ही चित्रं पाहायला लोक लांबून येतात. आम्ही कॅमेरा जरा खाली आणला, या क्रूसावर. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला, आणि त्या दिवसांत वांद्र्यात ठिकठिकाणी असे क्रूस उभे राहिले. त्यांना आजही झेंडूचे हार पडतात.

गाव मात्र त्याहून पुष्कळ जुनं. हिल रोडच्या टोकाचं सेंट अँड्र्यूज चर्च 1575 चं. बँडस्टँडच्या पुढचा किल्ला पोर्तुगिजांनी 1640 मध्ये बांधला. तेव्हा हे साष्टी बेटाचं दक्षिणेकडचं टोक होतं आणि माहीमला जायचं तर होडीच करावी लागे. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा रस्ता, झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी पदरचे पैसे दिले. पुढे रेल्वे आली, आणि भातशेती नि मासेमारी करणाऱ्या, मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या या गावाच्या दारात शहर येऊन उभं राहिलं. खोली भाड्याने देणं इथे काही काल-परवा सुरू झालेलं नाही.

(दृश्य: मे महिना. छपरावर कामगार. कौलं हातोहात खाली येत आहेत.)

आता हे बघा. ही शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, तपासून पुन्हा बसवणं. पाऊस यायच्या आत ती उरकायची असते, म्हणून काम उन्हाच्या आधी, सकाळी सातलाच सुरू झालंय.

आधी आढ्यावरची कोनाची कौलं निघतात. ती चुन्यात बसवलेली असतात, छिन्नीने अलगद सोडवावी लागतात. मग एकेक ओळ उतरते. मंगळुरी कौलाला खिळा नसतो. पाठीवरच्या टाचेने ते लाकडी रिपेवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, अडकतं, शेजारच्या कौलाच्या खाचेत बसतं आणि स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं. म्हणून एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं, आणि आतली गरम हवा फटींतून बाहेर पडते. माडीवरच्या मुली सांगतात, समुद्राचं वारं सुटलं की दुपारी पंखासुद्धा लागत नाही.

खाली आलेलं प्रत्येक कौल ब्रशने घासायचं. शेवाळ गेलं की पाठीवर कारखान्याचा ठसा दिसतो. मंगळूरला बासेल मिशन या युरोपीय मिशनरी संस्थेने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि पाहता पाहता सगळा किनारा या कौलांखाली आला. हा मिस्त्री कौलावर बोटाच्या पेराने टकटक करतो. खणखणीत वाजलं तर उजवीकडे. बद्द वाजलं तर आत चीर आहे, डावीकडे. ऐका.

(दृश्य: पाच सेकंद फक्त आवाज.)

डावीकडचा ढीग दरवर्षी वाढतो. बदली कौलं कुठून आणायची? जुन्या सामानाच्या वखारीतून. आणि वखारीत ती येतात पाडलेल्या घरांतून. या छपरावर आज निदान चार वेगवेगळे ठसे आहेत.

खारी हवा लाकडापेक्षा लोखंडाला जास्त खाते. रिपांचे खिळे गंजून फुगतात आणि लाकूड चिरतं. म्हणून लाकूड सागाचं आणि धड असलं, तरी खिळ्यापाशी कुजलेल्या रिपा बदलाव्या लागतात. सिमेंटच्या इमारतींचंही इथे हेच होतं. मीठ काँक्रीटमधून आत शिरतं, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. फरक एवढाच, की कौलारू घराचं दुखणं डोळ्यांना दिसतं आणि एका मोसमात बरं करता येतं. ज्यांना ही घरं मोडकळीला आलेली वाटतात त्यांनी एकदा या शिडीवर चढावं.

हा खर्च भागतो माडीच्या भाड्यातून. आंटींनी हिशेबाची वही समोर धरली: जमेच्या बाजूला भाडं, खर्चाच्या बाजूला रिपा, चुना, मजुरी. 1947 च्या भाडेकायद्याने शहरात भाडी गोठली, आणि तेव्हापासून अनेक घरमालकांनी दुरुस्तीवरचा हात आखडता घेतला. आता लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार होतो, रीतसर नोंदवला जातो, पोलिसांकडे माहिती जाते, आणि बाजारभावाने भाडं येतं. इतर सोसायट्यांत बॅचलर्सना दारातूनच परत पाठवतात. इथे आंटी विचारतात, रात्री उशीर झाला तर जेवून येणार की नाही.

भाडं दरवर्षी चढतं, मुली बदलतात, आणि गावातल्याच तरुण जोडप्यांना गावात खोली परवडत नाही.

(दृश्य: चिंबई. भरतीच्या लाटा, ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी.)

चर्चच्या पलीकडे चिंबई. इथे घराच्या मागच्या दारात समुद्र. जाळं विणणारे हे काका आणि त्यांच्यामागच्या खोलीत लॅपटॉपवर काम करणारा मुलगा यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्याच्या फ्रिजच्या दाराला पहिल्याच पावसाळ्यात तांबेरा चढला. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते. उधाणाच्या रात्री लाट भिंतीवर आदळते तेव्हा मांडणीवरची भांडी वाजतात. तरी करार संपल्यावर त्याने तीच खोली पुन्हा घेतली, कारण काकांनी त्याला मासळी ओळखायला शिकवलंय आणि अजून बरंच शिकायचं बाकी आहे.

(दृश्य: रानवार. पत्रे ठोकलेलं रिकामं आवार, मागे उंच इमारत.)

इथे असाच बाहेरून जिना असलेलं घर होतं. वारस अनेक, काही परदेशात. सगळ्यांच्या सह्या जमल्या त्या विकायच्या कागदावर.

(दृश्य: शाकारलेलं छप्पर. खाली भाडेकरू मुली आणि आंटी.)

मुंबईतल्या गावठाणांच्या आणि कोळीवाड्यांच्या सीमा कागदावर पक्क्या करा, ही रहिवाशांची मागणी जुनी आहे. त्यात आता या घरांच्या दुरुस्तीचीही भर घालायला हवी: रिपा, कौलं, चुना यांसाठी अनुदान, आणि हे काम जाणणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना पगार. यंदा या छपरावर चार माणसं होती. त्यांतलं सगळ्यात तरुण माणूस पन्नाशीला आलंय.