कान नसलेला रांजण

(दृश्य: बडोदं, दांडिया बाजारातलं जुनं घर. गणेश चतुर्थीची सकाळ. ताम्हन, पळी, अक्षता.)

पूजेला बसलेला माणूस संकल्प सांगतो. आधी काळ, मग ठिकाण. जंबुद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे. पुढे नदीचं नाव येतं. पैठणकडे ती गोदावरी असते, बडोद्यात नर्मदेचा उत्तर तीर. मंत्र तोच राहिला, घर जिथे गेलं तिथली नदी त्यात आली. त्याच संकल्पात ‘बौद्धावतारे’ हाही शब्द आहे. रोजच्या सवयीने तो कानावरून निघून जातो.

जंबुद्वीप म्हणजे आशिया, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पुराणांतलं जंबुद्वीप म्हणजे मधोमध मेरू आणि भोवती खारा समुद्र असलेली भूमी. आशिया हे नाव ग्रीकांचं. जमीन सलग एकच असताना तिला तीन बायकांची तीन नावं (युरोप, आशिया, लिबिया) का, हा प्रश्न हिरोडोटसलाही पडला होता. आपल्याकडे आशिया आला तो शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशातून.

पण जंबुद्वीप हा शब्द फिरला, आणि फार लांब फिरला. १७१० मध्ये जपानात क्योटोला होतान नावाच्या बौद्ध भिक्षूने जगाचा नकाशा छापला. वर रुंद, खाली निमुळती अशी जमीन. मध्यभागी भारत, त्यात बौद्ध ग्रंथांतलं अनवतप्त सरोवर आणि त्यातून निघणाऱ्या चार नद्या. युरोप कुठे? वरच्या कोपऱ्यात, चार-दोन बेटांएवढा. या नकाशाचा आधार होता चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएनत्संगचं प्रवासवर्णन, म्हणजे जवळजवळ अकराशे वर्षांपूर्वीचा मजकूर. ‘आपण एका भूमीतले’ ही भावना त्या नकाशात स्पष्ट दिसते. ती एका जुन्या पोथीवरून उतरलेली आहे.

(दृश्य: बडोद्याचं प्राच्यविद्या मंदिर, जुन्या पोथ्यांची संस्था. लाल कापडात बांधलेल्या पोथ्या.)

पोथ्यांचं असं येणं-जाणं बडोद्यातही झालं. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२९ साली जुसेप्पे तुच्ची या इटालियन पंडिताने दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताच्या आधीचे बौद्ध तर्कग्रंथ चिनी अनुवादांवरून सिद्ध केले. त्यातल्या काहींचं मूळ संस्कृत आपल्याकडे तेव्हा हाती नव्हतं; चिनी भाषांतर टिकलं होतं. त्यावरून पुन्हा संस्कृत उभं केलं आणि ते छापलं गेलं बडोद्यात. शेजाऱ्याने जपलेली आपली वस्तू परत घरी यावी, तसं हे झालं.

१९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत पुराना किल्ल्यात आशियातल्या देशांना एकत्र आणणारी आशियाई परिषद भरली. भिक्षू, पोथ्या, रेशीम या आठवणींचं बळ अशा व्यासपीठांमागे होतं. आठवणी खऱ्याच होत्या. पण मालाची ने-आण करणारी साधी भांडी त्यात कुठेच नव्हती. त्या भांड्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी.

(दृश्य: टेबलावर ट्रे. त्यात तळहाताएवढं जाड खापर. आतली बाजू काळी.)

१९४५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला उत्खनन केलं. भूमध्य समुद्राकडून आलेली दोन कानांची भांडी, म्हणजे अँफोरा, तिथे ओळखली गेली. बडोद्याला विश्वामित्रीकाठी अकोट्यातही पंखवाल्या इरॉसची, म्हणजे ग्रीकांच्या प्रेमदेवाची, आकृती असलेली काशाची मूठ सापडली. ती निःसंशय रोमन जगातली. तेव्हापासून उत्खनन करणाऱ्याच्या डोळ्यांत रोम बसलं. जाड खापर, आत काळा थर, की वहीत नोंद व्हायची: ‘रोमन अँफोरा’. गुजरात-कोकण किनाऱ्यावरच्या अशा कितीतरी खापरांवर हीच चिठ्ठी लागली.

२००७ साली प्राचीन भांड्यांच्या अभ्यासक रोबर्टा टोंबर यांनी ही खापरं पुन्हा तपासून निष्कर्ष मांडला. त्यातली बरीच रोमन नव्हतीच. ती होती मेसोपोटेमिया (आजचा इराक) आणि इराणच्या आखाताकडच्या रांजणांची. टॉर्पेडोसारखा लांबट घाट, म्हणून नाव टॉर्पेडो जार. काळ मुख्यतः सासानी, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या शेवटच्या राजघराण्याचा, आणि त्यानंतरचा सुरुवातीचा इस्लामी.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. रोमन अँफोराला उभी मान आणि दोन कान. पोटात साधारण २५ लिटर दारू किंवा तेल. टॉर्पेडो रांजणाला कान नाहीत, मानही जवळजवळ नाहीच. खाली टोकदार बूड. दोन्ही मातीची भांडी पाझरतात, म्हणून आतून लेप देतात. रोमन भांड्यात पाइनच्या झाडाची राळ, टॉर्पेडो रांजणात जमिनीतून निघणारं डांबर. चूक झाली ती इथेच. काठ किंवा कान हाती असेल तर ओळखायला क्षण लागत नाही. पण उत्खननात बहुतेक पोटाचे तुकडे मिळतात, आणि राळ काय, डांबर काय, दीड हजार वर्षांनी दोन्ही काळीच दिसतात.

मग करायचं काय? पकडीने खापराचा कोपरा हलकेच मोडायचा. ताज्या मोडीवर दहापट भिंग धरायचं. इटलीत नेपल्सच्या बाजूच्या मातीत ज्वालामुखीची काळी, चकाकती वाळू ठळक दिसते. तसं काही नसेल तर घाई करायची नाही, कारण रोमन भांडी इतर प्रांतांतूनही येत. काळ्या थराचा कण खरवडून प्रयोगशाळेत पाठवायचा. राळेत झाडाची रासायनिक खूण मिळते, डांबरात खनिज तेलाची. आणि डांबर कोणत्या भागातल्या झऱ्याचं, याचाही अंदाज बांधता येतो.

सगळ्यात मोठं नुकसान धुताना होतं. ब्रशने घासून ‘स्वच्छ’ केलं की पुरावाच नळाखाली जातो. म्हणून आतली बाजू घासायची नाही, क्रमांक बाहेरच्या बाजूला घालायचा. मोजणीतही फसगत होते. एका रांजणाची चाळीस खापरं म्हणजे चाळीस रांजण नव्हेत. काठ आणि बुडं वेगळी मोजावी लागतात.

(दृश्य: संजाणची खाडी, ओहोटी.)

वलसाड जिल्ह्यातल्या संजाणच्या उत्खननात हे टॉर्पेडो रांजण मिळाले. हे तेच संजाण, जिथे पारशांचे पूर्वज उतरले असं ते सांगतात. दुधात साखरेची गोष्ट गुजरातेत पोरासोरांना पाठ आहे. ती गोष्ट आश्रयाची आहे. रांजण सांगतात ते नित्याच्या व्यापाराचं. आमच्या मते दोन्ही शेजारी ठेवायला हवं, एकाने दुसरं खोटं पडत नाही.

मात्र हे रांजण पाहून ‘बघा, आशिया एकच होता’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा. कितीतरी वर्षं जिथे तिथे रोम दिसत होतं. त्या जागी आशिया बसवला तर चूक तीच राहते. रांजण भरणाऱ्याला खंड ठाऊक नव्हता, त्याला बंदरं ठाऊक होती. म्हणून संग्रहालयाच्या पाटीवर ‘विदेशी संबंध’ किंवा ‘आशियाई वारसा’ एवढंच लिहू नये. कुठे घडलं, लेप कसला, कुठे सापडलं, कोणत्या थरात, आणि आधी काय समजलं जात होतं, हे पाचही लिहावं. त्यातली शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी गाळतात. ती खोडू नये, जुनी चिठ्ठीही खापराबरोबरच जपावी.

(दृश्य: नकाशा. इराणचं आखात, गुजरातचा किनारा, मलाक्काची सामुद्रधुनी.)

२०१३ मध्ये थायलंडच्या समुत साखोन प्रांतात, कोळंबीच्या तळ्याच्या चिखलात एक जुनं जहाज निघालं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या. आत चिनी भांडी होती, आणि कान नसलेले हे रांजणही. त्यातल्या एकावर पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतली, अक्षरं आहेत.