यादीतलं पुस्तक कपाटात आहे का?

ग्रंथपाल आणि शिक्षक अशा दोघांसमोर एकत्र बोलायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही, यात मी वेळ घालवणार नाही. मुलं ती वापरतातच, आणि आपल्यातलेही कितीतरी जण परिपत्रकाचं उत्तर तिच्याकडून लिहून घेतात. ती हाताशी असताना आपलं काम कोणतं, एवढंच बोलायचं आहे.

समजा, अकरावीतली एक मुलगी नंदुरबारच्या शिरीषकुमारवर प्रकल्प करते आहे. ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा आणि गोळीबार आपल्या खान्देशात लहान पोरांनाही ठाऊक असतो. ती मोबाइलवर संदर्भग्रंथ विचारते. क्षणात पाच पुस्तकांची यादी येते. लेखक, प्रकाशक, साल, सगळं शिस्तीत. प्रकाशक खरे, लेखकांची आडनावं आपल्याकडची, आणि त्यातली दोन पुस्तकं कुणी कधी लिहिलेलीच नाहीत!

असं का होतं, हे मुलांना सांगायला हवं. अफाट मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे यंत्र शिकलेलं असतं. पुस्तकाचं नाव साधारण कसं असतं ते त्याला कळतं, म्हणून तसं नाव ते जुळवून देतं. नंदुरबारबद्दलचा मराठी मजकूर इंटरनेटवर मुळातच थोडा, त्यामुळे आपल्या विषयांत ही जुळवाजुळव अधिक. न्यूयॉर्कमध्ये तर २०२३ साली वकिलांनी असे अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दिले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला.

मुलगी ती यादी घेऊन आली तर तिला रागावू नका. तिच्याबरोबर तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, उघडा, एकेक नाव शोधा. जे सापडेल ते कपाटातून काढून तिच्या हातात द्या, जे सापडणार नाही त्यावर तिलाच काट मारू द्या. त्या अर्ध्या तासात ती जे शिकेल ते दहा सूचनाफलकांनी होणार नाही. अस्सल कागदासाठी गावोगाव हिंडलेले इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आपल्या धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच आहे. पुरावा दाखवा, हा आग्रह या मातीत जुना आहे.

ग्रंथालयाच्या रोजच्या कामात मात्र हे साधन खुशाल घ्या. नव्या पुस्तकांचा परिचय, विषयशीर्षकांचा कच्चा मसुदा, वाचक मेळाव्याचं निमंत्रण यांत वेळ वाचतो, आणि वाचकाचा वेळ वाचवा हे तर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगितलं आहे. फक्त शेवटचा हात माणसाचा असावा. बहिणाबाईंच्या कवितेची बोली यंत्र सरसकट ‘अहिराणी’ लिहून मोकळं होऊ शकतं. त्यांच्या माहेरच्या असोद्याकडचा माणूस लगेच सांगेल की ही लेवा बोली. ही चूक तालिकेत एकदा शिरली की वर्षानुवर्षं तिथेच राहते.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. देवघेवीची नोंद, सभासदांची यादी, विद्यार्थ्यांची नावं आणि गुण यांतलं काहीही अशा साधनात टाकू नका. कुणी कोणतं पुस्तक नेलं, हे वाचकाने आपल्यावर विश्वास टाकून नोंदवलेलं असतं. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते.

शिक्षकांना एक विनंती. ‘हा निबंध यंत्राने लिहिला’ असं ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून मुलाला चोर ठरवू नका. ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. घरी अहिराणी बोलणारं मूल जपून, पुस्तकी मराठी लिहितं. संशय नेमका त्याच्यावर यायचा. त्यापेक्षा त्याला समोर बसवा आणि लिहिलेलंच तोंडी विचारा. पाच मिनिटांत कळतं.

आणि प्रकल्पाच्या वहीत शेवटी एक पान वाढवा. यंत्राला काय विचारलं, त्याने काय सांगितलं, ते कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर पडताळलं, आणि खाली ग्रंथपालांची सही. दिवाळीच्या सुट्टीतल्या प्रकल्पापासून हे सुरू करता येईल. नमुन्याचे कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना शाळेपुरते घेऊन जा.