हॅटमधली सात छिद्रे

(दृश्य : अंधारी खोली. टेबलावर रुंद कडेची, गडद निळी हॅट. तिच्या आत ठेवलेला छोटा दिवा लागतो.)

दिवा लावला तेव्हा सुरुवातीला काडाची वीणसुद्धा नीट दिसत नव्हती. डोळे सरावल्यावर प्रकाशाचे बारीक ठिपके उमटू लागले. उजव्या अंगाला दोन आणि डाव्या अंगाला पाच. ही कसर लागल्याची भोके नव्हेत, आणि पेटीतल्या आदळआपटीनेही ती पडलेली नाहीत. सुमारे एकशे दहा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ही हॅट जिच्या डोक्यावर होती, तिने ती स्वतःच्या हाताने पाडली, कारण त्यांच्यावाचून हॅट डोक्यावर राहिलीच नसती.

ही छिद्रे हॅटपिनची, म्हणजे हॅट केसांना अडकवून ठेवणाऱ्या लांब पिनेची. हॅटपिनविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतेक हॅटच्या बाहेर आलेल्या टोकाविषयी आहे. ट्रॅममध्ये कोणाच्या गालाला ते लागले, अंगचटीला आलेल्या कोणाला एखाद्या बाईने पिन कशी टोचली, या गोष्टी वाचायला चुरचुरीत असतात. हॅटच्या आत तीच पिन काय करत होती, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. आपल्याला तेच पाहायचे आहे.

(दृश्य : जुनी छायाचित्रे. फुगवलेले केस, त्यावर तिरपी बसवलेली हॅट.)

एकोणिसाव्या शतकात बराच काळ इंग्रज स्त्रिया हनुवटीखाली रिबिनीची गाठ मारून बांधायची बॉनेट वापरत असत. १८८० नंतर बॉनेट मागे पडत गेली, हॅट पुढे आली आणि रिबिनीची गाठ सुटली. त्याच सुमारास केशरचना उंच होऊ लागली. बनावट केसांच्या गुंडाळ्या आत घालून केस चहूबाजूंनी फुगवले जात, आणि त्या फुगवट्यावर हॅट नुसती टेकत असे. ती डोक्यात बसतच नसल्यामुळे तिला धरून ठेवायला काहीतरी आडवे लागणारच होते. १९०७ मध्ये लंडनच्या डेलीज थिएटरमध्ये लिली एल्सी ही अभिनेत्री ल्युसील या नावाने प्रसिद्ध असलेल्या वेशरचनाकार बाईंनी बनवलेली प्रचंड मोठी हॅट घालून रंगमंचावर आली आणि पुढची काही वर्षे हॅटची कड खांद्यांशी स्पर्धा करू लागली. कड रुंदावली तसा वारा तिच्याखाली शिरू लागला, आणि वारा शिरू लागला तशी पिनही लांब होत गेली.

(दृश्य : काळ्या मखमलीवर एका ओळीत मांडलेल्या पिना. कॅमेरा टोकापासून डोक्याकडे सरकतो.)

पिन म्हणजे पोलादी तारेचा सरळ तुकडा असतो. तो वीतभर, पुष्कळदा त्याहूनही लांब असतो, त्याचे एक टोक घासून धारदार केलेले असते आणि दुसऱ्या टोकाला काचेचे, चांदीचे किंवा मिन्याचे डोके बसवलेले असते. आपण जी चांदीची डोकी पाहत आहोत, त्यांपैकी दोघांवर चेस्टरच्या शुद्धता-कचेरीचा छाप आहे, आणि शेजारी हॅलिफॅक्स येथील चार्ल्स हॉर्नर या पेढीची आद्याक्षरे आहेत. येथे थोडे विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. याच हॉर्नरने १८८४ मध्ये डॉर्कस नावाच्या अंगुस्तानाचे पेटंट घेतले होते. नुसत्या चांदीचे अंगुस्तान शिवताना सुईने टोचून टोचून चाळणीसारखे होत असे, म्हणून त्याने चांदीच्या दोन थरांच्या मध्ये पोलादाचा थर घातला. सुईपासून चांदी वाचवण्याची युक्ती ज्या पेढीला सुचली, तिनेच पुढे कापडात आरपार घुसवण्याच्या पिना मोठ्या संख्येने बनवल्या.

(दृश्य : स्टॉकपोर्ट येथील वेलिंग्टन मिलमधील हॅट वर्क्स या संग्रहालयाची यंत्रे.)

पिन आत शिरते तेव्हा नेमके काय होते, हे हॅट कशाची आहे यावर अवलंबून असते. फेल्टमध्ये ताणा-बाणा नसतो. सशाच्या लवीचे तंतू तांब्याच्या सच्छिद्र शंकूवर हवेच्या ओढीने चिकटवले जातात, त्यावर गरम पाण्याचे फवारे मारले जातात, आणि मग तो अतिशय मोठा, विरविरीत शंकू गरम पाण्यात पुन्हा पुन्हा गुंडाळून दाबला की आटत आटत घट्ट होतो. अशा फेल्टमध्ये पिन गेली तर तंतू तुटत नाहीत, ते बाजूला सरतात, आणि पिन काढल्यावर बरेचसे परत जागेवर येतात. पहिल्या दिवशी भोक शोधावे लागते. पन्नासाव्या दिवशी ते शोधावे लागत नाही.

(दृश्य : काडाच्या वेण्यांची गुंडाळी. शिलाई यंत्राखालून फिरत जाणारी पट्टी.)

काडाच्या हॅटची गोष्ट वेगळी आहे. बेडफर्डशायरमधील ल्युटन हे या हॅटांचे गाव. (फेल्ट हॅटांच्या स्टॉकपोर्टचा आणि काडाच्या हॅटांच्या ल्युटनचा असे दोन्ही फुटबॉल संघ ‘हॅटर्स’ म्हणूनच ओळखले जातात, आपल्या हॅटचा कोणताही धागा धरला तरी तो या दोनांपैकी एका गावाला जाऊन पोचतो.) गव्हाच्या काडाच्या अरुंद वेण्या पूर्वी आसपासच्या खेड्यांतील बायका-मुले विणत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीन आणि जपानमधून आलेल्या स्वस्त वेण्यांनी तो धंदा जवळजवळ बसवला. वेणी माथ्याच्या मध्यबिंदूपासून सुरू करून गोल गोल फिरवत, प्रत्येक फेऱ्याची कड आधीच्या फेऱ्यावर थोडी चढवत शिवली जाते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पिन घातली तर काड दुखावत नाही. काडाच्या मधोमध घातली तर ते उभे चिरते, आणि एकदा चिरलेले काड पुन्हा मिटत नाही. काड जितके जुने आणि कोरडे, तितकी ही चीर लांब जाते.

मखमल आणि रेशीम यांच्या हॅटमध्ये वरच्या कापडाखाली बकरमचा सांगाडा असतो. आपल्याकडचे शिंपी कॉलरमध्ये घालतात तेच हे खळीचे कडक कापड. फक्त इथे त्याला तारेचा आधार दिलेला असतो. बकरममध्ये पडलेले भोक खळीमुळे जसेच्या तसे राहते. वरचे रेशीम मात्र त्या भोकाच्या कडेवर घासत राहते, आणि नुकसान आतून बाहेर येते. तीन-चार दिवस पैठणीला एकाच जागी सेफ्टी पिन लावणाऱ्या कोणत्याही बाईला हे वेगळे समजावून सांगायला नको.

टोचणे हा या नुकसानाचा निम्माच भाग आहे. पिन केसांत घट्ट रोवलेली असते आणि हॅट तिच्यावर डुलत असते. पंख, फुले आणि रिबिनी यांनी एक बाजू जड झालेली हॅट वाऱ्याच्या प्रत्येक झोताला पिनेवर रेटली जाते, म्हणजे पिन तरफेसारखी काम करते आणि गोल भोक हळूहळू लांबट होत जाते.

(दृश्य : भिंगातून उजव्या बाजूची दोन छिद्रे. संवर्धक बाईंच्या हातातील बोथट सुई टाक्यांकडे निर्देश करते.)

आता आपल्या निळ्या हॅटकडे परत येऊ. उजवीकडच्या दोन छिद्रांभोवती निळ्या रेशमी धाग्याचे बारीक, दाट टाके आहेत. शिंप्याने शर्टाला काजे करावे तसे कोणीतरी पिनेच्या वाटेला काजे केले आहे. धाग्याचा रंग हॅटच्या रंगाशी थोडा जुळत नाही, शिवाय टाके लहानमोठे आहेत; हॅट बनवणाऱ्या कारखान्यातील हात इतका अनियमित नसतो. ते घरचे काम असावे असा संवर्धक बाईंचा कयास आहे, आणि टाके पाहून आम्हालाही तो पटला. डावीकडच्या पाच छिद्रांना मात्र काजे नाही. याचे कारण आरशासमोर उभे राहिले की उमगते. पिन आत घालताना बोटांना आणि डोळ्यांना जागा दिसत असते, म्हणून ती रोज त्याच दोन काजांतून आत जात होती. केसांतून पलीकडे निघताना ती आंधळी असते आणि सुचेल तिथून बाहेर पडते. छिद्राभोवती वाकलेल्या काडाच्या दिशेवरून ती कोठून आत गेली आणि कोठून बाहेर आली हे कळते : उजवीकडे काड आत वळले आहे, डावीकडे बाहेर.

(दृश्य : हॅट उलटी केली जाते. आतली पट्टी, मखमलीत गुंडाळलेली उभी तार.)

हॅट जपण्याचे उपाय याहूनही कितीतरी होते. हॅटच्या आत कडेला तारेची, मखमल चढवलेली एक उभी पट्टी शिवलेली दिसते. हिला बँडो म्हणत. हिने हॅट केसांवर उचलली जाई, आणि पिन माथ्याच्या नाजूक कापडातून न घालता या पट्टीतून घातली की वरची बाजू निर्धास्त राही. काही स्त्रिया पिनेच्या जागी आतून रिबिनीचा दुहेरी तुकडा शिवून घेत. काही जणी पिनेचा नाद सोडून मागच्या बाजूने अंबाड्याखाली जाणारे इलॅस्टिक लावत. एकदा पडलेले भोक सोडायचे नाही, हा त्यांतला सर्वांत साधा उपाय, आणि त्याला पैसाही लागत नव्हता.

(दृश्य : पेटंटांच्या रेखाचित्रांची मालिका. रेघांनी काढलेले माथे, नळ्या, कड्या.)

१८९० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटन आणि अमेरिकेच्या पेटंट-कचेऱ्यांमध्ये हॅट आणि पिन यांच्यातील हे भांडण मिटवणारी रेखाचित्रे येत राहिली. त्यांत बुटाच्या नाडीसाठी असतात तशी धातूची आयलेटे आहेत, माथ्यात बसवायच्या छोट्या नळ्या आहेत, पिन आपोआप नेमक्या जागी जावी म्हणून आतून लावलेल्या खाचा आहेत, आणि हॅटच्या आतल्या कडेला बसवून केस थेट धरणारे कंगव्याचे दातही आहेत. अर्ज करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे, आणि ते साहजिकच आहे, कारण हॅटचे पैसे भरणारा कोणीही असो, भोकाशी रोजची गाठ त्यांची होती. धातूच्या आयलेटात एक उणीव होती : मऊ फेल्टमध्ये बसवलेली कडक कडी स्वतःच कापू लागते, म्हणजे टोचण्यापासून वाचवलेले कापड घासण्याने जाते. म्हणूनच घरच्या रेशमी काजाला आम्ही या सर्व रेखाचित्रांहून वरचा मान देतो, यात पक्षपात असेल तर तो आहे.

पिनेच्या बाहेरच्या टोकाने झालेल्या इजांमुळे शिकागो शहराने १९१० मध्ये माथ्याबाहेर अर्ध्या इंचाहून अधिक टोक ठेवण्यास बंदी केली आणि ५० डॉलरपर्यंत दंड ठरवला. हॅटवरच्या पिसांसाठी बगळ्यांची जी कत्तल झाली, तिच्यापोटी हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्ये पिसांची निर्यात थांबवली आणि ब्रिटनने १९२१ मध्ये आयातीविरुद्ध कायदा केला. युद्धानंतर केस आखूड झाले, डोक्यावर घट्ट बसणारी क्लोश हॅट आली, आणि पिनेला धरायला केसच उरले नाहीत.

(दृश्य : संवर्धन-कक्ष. नायट्राइल हातमोजे. आम्लविरहित टिश्यू कागदाचे गोळे माथ्यात भरले जातात.)

हॅट उचलताना माथ्याला चिमटीत धरायचे नाही. दोन्ही हात कडेखाली घालून ती ताटासारखी उचलायची असते. हातमोजे केवळ हॅटसाठी नसतात. जुन्या फेल्टमध्ये पाऱ्याचा अंश राहिलेला असू शकतो आणि पिसांवर आर्सेनिकची फवारणी झालेली असू शकते, म्हणून ते हातांसाठीही असतात. संग्रहात आलेल्या हॅटमध्ये पिन असेल तर ती आधी काढली जाते, आणि ती ओढून काढायची नसून ज्या वाटेने गेली त्याच वाटेने, किंचित फिरवत, मागे घ्यायची असते. पोलाद दमट हवेत गंजते, गंजाचा तांबूस डाग काडात उतरतो आणि मग तो काढता येत नाही. या हॅटच्या डाव्या अंगाच्या एका छिद्राभोवती तसे वर्तुळ आहे. कोणीतरी पिन काढायला विसरून हॅट पेटीत ठेवली होती.

(दृश्य : चिमट्याने उचललेला जपानी कागदाचा केसाएवढा बारीक तुकडा.)

चिरत गेलेल्या काडाला आतून जपानी कागदाचा आधार गव्हाच्या खळीने लावला आहे, तोही पुढची चीर थांबेल इतकाच. छिद्रे बुजवलेली नाहीत. पुष्कळ ठिकाणी ती बुजवून, रंग लावून, हॅट नवी कोरी दाखवण्याचा मोह होतो, आणि आम्ही चित्रीकरणासाठी फिरत असताना एका दुकानात तर जुन्या हॅटांमध्ये नव्या पिना शोभेसाठी, मन मानेल तिथे खोचून ठेवलेल्या पाहिल्या. दुकानदाराला आम्ही विचारले तेव्हा त्याने आणखी एक खोचून दाखवली. ते चित्रीकरण आम्ही येथे वापरलेले नाही.

(दृश्य : पेटी. हॅट आत ठेवली जाते. शेजारी वेगळी, अरुंद, लांब पेटी.)

पिना वेगळ्या पेटीत, फोममध्ये कोरलेल्या खाचांत ठेवल्या आहेत. दोन्ही पेट्यांवर एकच क्रमांक आहे. संवर्धक बाई नोंदपत्रकात काडाचा प्रकार, कडेची रुंदी आणि रेशमी गुलाबांची संख्या लिहितात, आणि ‘नुकसान’ या रकान्यात चिरलेले काड व गंजाचा डाग यांची नोंद करतात. छिद्रे मात्र त्या रकान्यात नाहीत. ‘वापराच्या खुणा’ या पुढच्या रकान्यात त्या लिहितात : पिनेची छिद्रे सात, पैकी दोन काजे केलेली, निळा रेशमी धागा, घरचे काम.