लाह्या-फुटाण्यांची डबी

नमस्कार, श्रोतेहो.

परीक्षा संपल्या, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली, लेकी पोराबाळांना घेऊन माहेरी यायला लागल्या. आता कुणाचं तोरणमाळ ठरेल, कुणाचं पाटणादेवी, कुणाचं अजिंठा. गाडी सुटून तास होत नाही तोच मागून हाक येते, "आजी, भूक लागनी!" मग पहिल्या थांब्याला टपरीवर टांगलेल्या पुड्या घेतल्या जातात. मीठ आणि तेल भरपूर, पोटाला आधार मात्र नाही. आपल्या खान्देशात ज्वारी आहे, भुईमूग आहे, हरभरा आहे. मग पोरांचा खाऊ बाहेरून कशाला आणायचा?

चार वाट्या ज्वारीच्या लाह्या घ्या. नसतील तर मुरमुरे चालतील. एक वाटी फुटाणे, एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी डाळ्या, दोन चमचे तीळ. शेंगदाण्यात आणि हरभऱ्यात प्रथिनं भरपूर, म्हणून मूठभर खाल्लं तरी पोराला बराच वेळ भूक लागत नाही.

शेंगदाणे आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्यानेही पुरतं जात नाही, म्हणून इथे काटकसर नको. मग लोखंडी कढईत मंद आचेवर परतत राहा. एक दाणा काढून गार होऊ द्या, चिमटीत चोळा. साल अलगद सुटलं आणि दाणा दाताखाली कडकन फुटला, की उतरवा.

फोडणीला तेल दोनच चमचे. जिरं, हिंग, हळद आणि कढीपत्ता. पान बोटांनी चुरता येईल इतका कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्या. मीठ पाव चमचा पुरे. आणि सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरली की लाह्या चामट होतात.

एकदा मी मनुका त्यातच मिसळल्या होत्या. तोरणमाळचा घाट चढेपर्यंत सगळा खाऊ मऊ पडला आणि नातवंडांनी तोंडही लावलं नाही. तेव्हापासून मनुका आणि गुळाचा खडा वेगळ्या डबीत असतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. हलत्या गाडीत दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. त्याच्यासाठी दाण्याचा बारीक कूट करा, गुळात मळून मऊ लाडू वळा, तोही गाडी थांबल्यावर, बसवून भरवा.

आदल्या रात्री मोठ्या पोरांना परातीभोवती बसवा. वाटीने मोजायचं काम त्यांचं, मिसळायचं त्यांचं. प्रत्येकाची वेगळी स्टीलची डबी भरा, सोबत पाण्याची बाटली द्या. मे महिन्याच्या उन्हात गाडीत डबी तापते आणि दाणे लवकर खवट होतात, तेव्हा ती सावलीच्या बाजूला ठेवा आणि उरलेला खाऊ आठ दिवसांत संपवा.