पुरावा कोणी द्यायचा?

दांडगे घोडे हरभरा फस्त करतात आणि अशक्त उपाशी राहतात, ती शाहू महाराजांची गोष्ट मी आज सांगणार नाही. कोल्हापुरात आरक्षणावर बोलायला उभा राहिलेला जो तो ती सांगतो, आणि टाळ्या कुठे वाजवायच्या हे तुम्हालाही पाठ झालंय. मला बोलायचंय ते महाराजांच्या आरक्षणाच्या हुकमातल्या एका रुक्ष कलमाबद्दल.

26 जुलै 1902. महाराज तेव्हा इंग्लंडात, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले. इकडे करवीरच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटात हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. एवढं शाळेतलं पोरगंही सांगेल. पण पुढे वाचा. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण पन्नासच्या खाली आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि केलेल्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला पाठवायचं. मग मागासलेले म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वगळून बाकी सगळे. बघा, नावं लिहिली ती पुढारलेल्यांची. बाकीच्यांना आपण मागास आहोत हे कुणाच्या टेबलापुढे शाबीत करायचं नव्हतं. हिशेब द्यायचा होता तो साहेबानं.

आता माझी गोष्ट. एकवीस वर्षं मी एका कॉलेजात ॲडमिशनच्या खिडकीमागे बसलो. एका जुलैत भटक्या जमातीतला एक मुलगा आला. खताच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, वरून पाणी गळतंय, आतले कागद मात्र कोरडे. जातीचा दाखला होता, घर प्रगत गटात मोडत नाही असं सांगणारं नॉन-क्रिमिलेअर होतं, पडताळणीची पावतीही होती. जातीचा दावा तपासून मिळतं ते वैधता प्रमाणपत्र तेवढं नव्हतं. अडलं होतं 21 नोव्हेंबर 1961 या तारखेपाशी. भटक्या-विमुक्तांना त्या तारखेआधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. मी विचारलं, "आजोबा तेव्हा कुठं होते?" म्हणाला, "जिथं पाल पडंल तिथं, सर." पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी गावच्या दप्तरातला उतारा आणायचा! फाईलवर ‘अपूर्ण’ हा शिक्का मीच मारला. जागा गेली.

त्याच आठवड्यात खुल्या गटातला एक मुलगा आला. वडील मार्केट यार्डात हमाल, पोराची सीट दोन मार्कांनी हुकलेली. "माझं काय चुकलं?" म्हणाला. काही चुकलं नव्हतं त्याचं. आरक्षण मोजतं समाज, आणि टोचतं एकेकट्या माणसाला. मी आरक्षणाच्या बाजूचा आहे, पण या पोराला ‘तुझ्या पूर्वजांनी’ असलं काही ऐकवायची माझी छाती होत नाही. त्याच्यासारख्यांसाठी 2019 साली आर्थिक दुर्बलांचं दहा टक्के आरक्षण आलं, 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरलं. त्यातली गंमत अशी की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेला तिथे गरीब ठरतो, आणि इतर मागासवर्गातला आठ लाखांवर गेला की प्रगत ठरतो. उत्पन्न धरायची रीत दोन्हीकडे वेगळी, हे खरं. पण आकडा तोच.

पन्नासाचंही तसंच झालं. कोल्हापुरात ती तळाची रेघ होती, त्याच्या खाली कचेरीनं जायचं नाही. सुप्रीम कोर्टाच्या 1992 च्या मंडल निकालात तीच छताची रेघ झाली, आरक्षण तिच्या वर न्यायचं नाही. आपले मोर्चे, उपोषणं, कोर्टकज्जे सगळे त्या छताखाली दाटीवाटीनं चाललेत, आणि नेमणुकांचं तिमाही पत्रक कुणी मागतच नाही.

गुणवत्तेचा मुद्दा मी मुद्दाम सोडला. 1901 पासून या शहरात समाजासमाजाची बोर्डिंगं का उभी राहिली, याचा विचार करा. मार्क पडायला आधी दोन वेळचं जेवण आणि दिवा लागतो.

पत्रकाचा आजचा अवतार म्हणजे बिंदुनामावली. कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची, कधी भरली, किती वर्षं रिकामी, सगळं तिच्यात असतं. आमच्या कॉलेजातली मी एकवीस वर्षांत एकदाच पाहिली, तीही किल्लीवाले रजेवरून परतले तेव्हा. कपाटाच्या वरच्या खणात ती होती, नवीकोरी, घडी न मोडलेली. खालचा खण उघडता येत नव्हता. ‘अपूर्ण’ शिक्क्याच्या फायली त्यात गच्च कोंबलेल्या होत्या.